देवचार, राखणदार आणि ‘ख्रिस्तपुराण’

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. परंतु नाव परिचित असणे आणि ग्रंथ वाचलेला असणे यांत जे अंतर असते, ते या ग्रंथाच्या बाबतीत फारच मोठे आहे. मराठी दिनाच्या समारंभात मराठीच्या थोरवीच्या त्या पाचसहा ओव्या कोणीतरी म्हणून दाखवतो, श्रोते टाळ्या वाजवतात, आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा बाकीचा ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. मुख्याध्यापक या नात्याने असे समारंभ मी स्वतःच अनेक वर्षे घडवून आणले आहेत. तेव्हा हा दोष देताना मी स्वतःला वगळत नाही. आमच्या गोव्यात तर त्या ओव्या भाषावादात दारूगोळ्यासारख्याही वापरल्या गेल्या. मोहाचा प्रतिकार आणि पत्करलेल्या श्रद्धेवरची निष्ठा हा ज्या ग्रंथाचा गाभा, त्याला आपण केवळ मराठीच्या स्तुतीसाठी साक्षीला बोलावतो. साक्षीदाराला मुळात काय सांगावयाचे होते, हे मात्र विचारीत नाही.

स्टीफन्स हा इंग्लंडातील विल्टशर परगण्यातला. १५४९ च्या सुमारास जन्मलेला हा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये येथेच वारला. आयुष्याचा बहुतेक काळ त्याने साष्टी प्रांतात काढला. त्याचे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. यांपैकी एकाही छापील आवृत्तीची प्रत आज उपलब्ध नाही. ‘पैले पुराण’ आणि ‘दुसरे पुराण’ असे त्याचे दोन भाग. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ते देवनागरीत आणले, तेव्हापासून मराठी समीक्षकांना ते सहज वाचता येऊ लागले. स. गं. मालशे यांनी त्याच्या भाषेचा व वाङ्मयीन अंगांचा कसून अभ्यास केला. तरीही आपली एकंदर समीक्षा त्याच्या भाषेपाशीच घोटाळत राहिली आहे. पाद्र्याने ओवी किती सफाईने हाताळली, स्वर्गाला ‘वैकुंठ’ कसे म्हटले, याचे कौतुक पुष्कळ झाले. हे सारे त्याला कशासाठी करावे लागले, या प्रश्नाकडे मात्र आपण पुरेशा गांभीर्याने वळलो नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथाच्या अगदी आरंभीच आहे. साष्टीतील एका देवळात, म्हणजे ख्रिस्ती देवळात, धर्मशिक्षणासाठी मंडळी जमली आहेत. त्यांतला एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून पाद्रीगुरूला विचारतो, की आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वाचू देत नाही, तर मग त्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हांला का करून देत नाही? गुरूला ही मागणी रास्त वाटते आणि पुराणकथा सुरू होते. हा प्रसंग बहुतेक अभ्यासक ग्रंथरचनेचे एक निमित्त म्हणून नोंदवतात आणि पुढे जातात. मला तर सर्व ग्रंथाची किल्ली तेथेच आहे असे वाटते.

त्या ब्राह्मणाने काय मागितले हे नीट पाहावे. श्रद्धेबद्दल त्याची तक्रार नाही. नव्या धर्माचे सिद्धान्त त्याला शिकवले गेले आहेत आणि ते त्याने मान्यही केले आहेत. त्याला टोचते आहे ते वेगळेच. संध्याकाळी दिवा लागल्यावर जे ऐकत तो लहानाचा मोठा झाला, ते आता नाही. प्रश्नोत्तरांच्या पुस्तकाने बुद्धीचे समाधान होईल, पण कान रिकामे राहतात. आणि रिकामे कान कुठे वळतील याचा काय नेम? हे बोलणे नम्रतेचे आहे खरे, परंतु त्यात एक कबुलीही दडलेली आहे. आपल्याला मोह होतो आहे, असेच तो मनुष्य भर मंडळीत सांगतो आहे. आणि त्या मोहाचे नाव सुवर्ण नाही, स्त्री नाही, सत्ता नाही. त्या मोहाचे नाव आहे पुराण.

काळाचा हिशेब मांडला म्हणजे या कबुलीचे वजन कळते. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले त्या वेळी जे श्रोते साठीच्या घरात असतील, त्यांनी बाळपणी ती उभी पाहिली असली पाहिजेत. केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला. दोन्ही ठिकाणे जुवारी नदीच्या पलीकडे, अंत्रुज महालात, म्हणजे त्या वेळच्या आदिलशाही मुलखात. देव नाहीसे झाले नव्हते. ते होडीने पार करता येईल एवढ्या अंतरावर होते. नवख्रिस्ती लोक गुपचूप नदी ओलांडून नवस फेडण्यास जातात, ही धर्माधिकाऱ्यांची नेहमीची तक्रार होती, आणि १५६० पासून गोव्यात बसलेल्या इन्क्विझिशनचे एक मोठे काम अशा माणसांना शोधून शिक्षा करणे हेच होते. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून गावच्या पुढाऱ्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. स्टीफन्स त्या वेळी गोव्यात येऊन चार वर्षे झाली होती. ज्या मंडळींपुढे त्याचे पुराण वाचले जावयाचे होते, त्यांच्या घरांत हे सारे ताजे होते.

पुराणाविषयी बोलावयाचे तर आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्याच केळोशी गावच्या कृष्णदास शामा याने १५२६ साली श्रीकृष्णचरित्राची कथा मराठी ओवीत रचली होती. म्हणजे स्टीफन्सच्या नव्वद वर्षे आधी, त्याच प्रांतात, त्याच छंदात. ही रचना आज आपल्याला उपलब्ध आहे ती पोर्तुगालातील ब्रागा येथल्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून ठेवलेल्या बाडांमुळे. ज्यांनी ही पुराणे लोकांच्या हातून काढून घेतली, त्यांच्याच वर्गातील कोणी अभ्यासासाठी ती उतरून घेतली आणि त्यामुळे ती वाचली. इतिहासाचा हा विनोद कडवट आहे. परंतु ब्राह्मण श्रोत्याला नेमके काय हवेहवेसे वाटत होते, याचा नमुना त्या बाडांनी आपल्यासाठी राखून ठेवला हेही खरे.

आता एका शब्दाकडे वळतो. तो शब्द आहे ‘देवचार’. ‘ख्रिस्तपुराणा’त सैतानासाठी हा शब्द येतो, आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत आजही त्याचा अर्थ तोच आहे. माणसाला मोहात पाडणारा, देवापासून तोडणारा, तो देवचार. परंतु मी ज्या पेडणे महालात राहतो तेथे, आमच्या पार्से गावी आणि आजूबाजूला, देवचार म्हणजे राखणदार. गावाची सीमा तो सांभाळतो, हातात काठी आणि खांद्यावर घोंगडी घेऊन रात्री फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोहोचवतो, अशी लोकांची श्रद्धा आहे. त्याला रोट देतात, वहाणा वाहतात. पेडणे महाल पोर्तुगीजांकडे आला तो अठराव्या शतकाच्या अखेरीस, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. सोळाव्या शतकातील सक्ती येथवर पोहोचली नाही. म्हणून आमचा देवचार राखणदारच राहिला. शापोरा ओलांडून बार्देशात गेले की ख्रिस्ती घरांत तोच शब्द शत्रूचे नाव होतो.

बार्देशकडचे एक ख्रिस्ती शिक्षक काही वर्षे आमच्या शाळेत होते. शाळेच्या कुंपणाचे काम निघाले तेव्हा गावकऱ्यांनी आधी देवचाराला गाऱ्हाणे घालावे असे सुचवले. ते ऐकून या सद्‌गृहस्थांचा चेहरा जो झाला तो मी विसरलो नाही. पुढे त्यांना सर्व समजावून सांगितल्यावर ते मनापासून हसले आणि म्हणाले, “सर, आमच्या आजीला हे कळले असते तर तिने मला येथे नोकरीच करू दिली नसती.” मला मात्र त्या हसण्याने विचारात पाडले. हा शब्द राखणदारापासून शत्रूपर्यंत केव्हातरी पहिल्यांदा गेला असला पाहिजे. ज्या पिढीत तो गेला, त्या पिढीला काय वाटले असेल? काल ज्याच्या भरवशावर रात्री शेतावर गेलो, तोच आज मोहात पाडणारा म्हणून ओळखावयाचा!

‘ख्रिस्तपुराणा’तील मोहाची सगळी अडचण आणि सगळे सामर्थ्य येथे आहे. मोह परका असला तर त्याला झिडकारणे तुलनेने सोपे. त्याचा चेहरा आपल्याच घरचा असला म्हणजे निष्ठा या शब्दाला धार येते. आपल्या परंपरेतील तपोभंगाच्या कथांत हे असे नसते. विश्वामित्राकडे मेनका येते ती इंद्राने पाठवलेली. इंद्राला आपल्या आसनाची भीती आहे. मेनका सुंदर आहे. ऋषी ढळतो, मग पुन्हा तपाला बसतो. तेथे मोह हा तपाच्या हिशेबातील खर्च आहे. जमा आणि खर्च दोन्ही एकाच वहीत लिहिले जातात, आणि खर्च करविणारा तर स्वतः देवांचा राजा असतो.

शुभवर्तमानातील रानातला प्रसंग याहून निराळा आहे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर ख्रिस्तापुढे जी तीन प्रलोभने येतात, त्यांत अप्सरा नाही. भुकेल्याला भाकर, देवावर भरवसा ठेवणाऱ्याला त्या भरवशाचा पुरावा, आणि जगाचे तारण करण्यास आलेल्याला जगाचे राज्य. तिन्ही गोष्टी स्वतः वाईट नाहीत. भाकर तर पुढे तोच हजारोंना वाटणार आहे. वाईट आहे ती देणाऱ्याच्या हाताची अट. शिवाय मोह घालणारा पवित्र शास्त्रातील वचने तोंडपाठ म्हणतो आणि उत्तर देणाराही शास्त्रवचनांनीच उत्तर देतो. शास्त्र दोघांच्याही मुखी असल्यामुळे कोण कोणाचा, हे केवळ शब्दांवरून ओळखता येत नाही.

येथे मराठी भाषेनेच आपल्यापुढे एक पेच उभा केला आहे. मूळ ग्रीक शब्दात कसोटी आणि प्रलोभन हे दोन्ही अर्थ एकवटलेले आहेत. आपल्याकडे ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ हे दोन वेगळे शब्द. मराठी बायबलाने प्रभूच्या प्रार्थनेत ‘परीक्षा’ पत्करला आणि त्यामुळे त्या याचनेत एक शाळकरी सूर शिरला, असे मला नेहमी वाटते. परीक्षा नको असे तर आमचा प्रत्येक विद्यार्थी म्हणतो! ‘मोह’ घेतला तर आपल्या षड्रिपूंची आणि वेदान्ताची छाया पडते. मोह म्हटले की अज्ञान आले, आणि अज्ञान गेले की मोह गेला. ख्रिस्ती कल्पनेत असे नाही. तेथे जाणत्यालाही मोह होतो, किंबहुना जाणत्यालाच अधिक होतो. गोव्यातील कोंकणी प्रार्थनेत ‘ताळणी’ असा शब्द आहे. हा शब्द माझ्या मराठी कानाला ‘ताळा’ आणि ‘पडताळणे’ यांच्या शेजारचा वाटतो. व्युत्पत्तीचा निवाडा भाषाशास्त्रज्ञांनी करावा. पण हिशेब ताळ्यावर धरून पाहणे ही प्रतिमा या प्रसंगाला ‘मोह’ आणि ‘परीक्षा’ या दोहोंपेक्षा अधिक शोभते, एवढे मी म्हणेन. स्वतः स्टीफन्सने धर्मशिक्षणाचे पुस्तक कोंकणीत लिहिले (ते त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली छापले गेले) आणि पुराण मात्र मराठीत रचले. सिद्धान्त बोलीत आणि कथा ग्रंथभाषेत, ही त्याची वाटणी विचारपूर्वक आहे. आज्ञा घरच्या भाषेत समजल्या पाहिजेत हे त्याला कळत होते. आणि मन ओढ घेते ते पुराणाच्या भाषेकडे, हेही कळत होते.

ग्रंथाची दोन भागांतील मांडणीदेखील या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. पैल्या पुराणात ल्युसिफरचे पतन आणि लगोलग आदाम-एवेचे पतन. बागेत सर्व काही मुबलक असताना माणसाने एक फळ खाल्ले. दुसऱ्या पुराणात रानात काहीही नसताना माणसाच्या पुत्राने भाकर नाकारली. ही जोडी अर्थात स्टीफन्सची नव्हे. ख्रिस्ती धर्मविचारात ती फार जुनी आहे. परंतु पुराणश्रवणाची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे हे दोन प्रसंग शेकडो ओव्यांच्या अंतरावर ठेवणे, आणि मधल्या सर्व कथेला त्या पतनाची सावली म्हणून वाहू देणे, यात कथाकाराची जाण दिसते. ओवी त्याला येथे फार उपयोगी पडते. तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा सुटा. प्रत्येक ओवीच्या शेवटी श्वास घेण्यास जागा. घाई करणाऱ्याला हा छंद साथ देत नाही. मोहाचे वर्णन घाईने करताच येत नाही, कारण मोह घाईने येत नाही.

जेथे स्टीफन्स वाद घालतो तेथे मात्र तो मला पातळ वाटतो. मूर्ती, पूर्वीचे देव, पूर्वीचे गुरू यांच्याविषयी तो बोलू लागला की ओवी तीच राहते पण आवाज व्यासपीठावरचा होतो. नव्या श्रद्धेवर दृढ राहा, हे सांगताना जुनी श्रद्धा सोडणे हीसुद्धा एक तुटलेली निष्ठा आहे, याची त्याला जाणीव नव्हती की ती दाखवण्याची मुभा नव्हती? इन्क्विझिशनच्या सावलीत छापल्या जाणाऱ्या ग्रंथात मुभा नसणेच संभवते. पण कारण कोणतेही असो, ती जागा ग्रंथात रिकामी आहे. आरंभी उठून प्रश्न विचारणारा तो ब्राह्मण जेवढे बोलतो, त्यापेक्षा त्याला अधिक सांगावयाचे होते असे वाचताना राहून राहून वाटते, आणि कवी त्याला खाली बसवतो.

माझे काही मित्र या ठिकाणी म्हणतील, की ज्या सत्तेने देवळे पाडली तिच्या पाद्र्याच्या काव्यात निष्ठेची चर्चा कसली शोधता? अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकाने त्या सत्तेची कृत्ये कागदपत्रांनिशी मांडली आहेत, आणि ती नाकारण्याचे कारण नाही. तथापि ग्रंथ ज्याने लिहिला त्याच्यापाशीच ग्रंथाचा अर्थ संपत नाही. तो ज्यांनी ऐकला, म्हटला, उतरून घेतला, त्यांचाही तो होतो. सक्तीने वा लाभासाठी ख्रिस्ती झालेल्यांची नातवंडे मनापासून ख्रिस्ती होती. त्यांच्या निष्ठेला आजोबांच्या सक्तीच्या खात्यात टाकणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

पेत्राच्या कथेकडे वळल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. महायाजकाच्या अंगणात, थंडीच्या रात्री, निखाऱ्यांजवळ शेकत उभा असलेला पेत्र एका दासीच्या साध्या प्रश्नाला घाबरतो आणि आपल्या गुरूला तीनदा नाकारतो. कोंबडा आरवतो. तो बाहेर जाऊन रडतो. रानातल्या प्रसंगात मोह घालणारा विश्वाचे राज्य देऊ करतो. येथे कोणीच काही देऊ करीत नाही. थोडी ऊब आणि चारचौघांत उठून दिसू नये एवढीच इच्छा, आणि तेवढ्याने माणूस पडतो. साष्टीतल्या श्रोत्याला रानातल्या ख्रिस्तापेक्षा हा अंगणातला पेत्र जवळचा वाटला असेल. त्यालाही रोज कोणीतरी विचारीत होते, तू त्यांच्यातलाच ना? नदीच्या अलीकडे एका अर्थाने विचारीत, पलीकडे दुसऱ्या अर्थाने. आणि दोन्हीकडे खरे उत्तर देणे कठीण होते.

एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने याच पेत्राच्या चरित्रावर मराठीत एक प्रचंड पुराण रचले आणि ते १६२९ ते १६३४ या काळात गोव्यात छापले गेले. विषय किती अनुरूप! तीन वेळा नाकारून पुन्हा उभा राहिलेला शिष्य हाच नायक. पण या कवीची बरीचशी शक्ती हिंदू पुराणकथांच्या खंडनात खर्ची पडली. ज्या प्रेषिताचे सर्वांत मोठे धन त्याचे अश्रू, त्याच्या चरित्रात दुसऱ्यांचे दोष मोजण्याचा उत्साह इतका असावा, हे मला विसंगत वाटते. स्टीफन्स आणि द ला क्रुआ यांच्यातील फरक येथे आहे. पहिला श्रोत्याच्या मोहाची भूक ओळखून त्याला काहीतरी खायला देतो. दुसरा त्याच्या हातातले काढून घेण्यातच अधिक रमतो.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश मुलखातील मराठीत हा विषय पुन्हा आला, तो आधी भाषांतराच्या वाटेने. बन्यनच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’चे हरि केशवजींनी केलेले ‘यात्रिकक्रमण’ १८४१ चे. त्यात मोह रस्त्याच्या कडेला बाजार मांडून बसलेला आहे आणि यात्रिकाने सरळ चालावयाचे आहे. इंग्रजी प्युरिटन मनाला हा नकाशा सोयीचा होता. मराठी माणसाचा रस्ता असा सरळ नसतो. त्यात सासर, माहेर, जात, पंगत, सुतक असे शंभर फाटे.

ते फाटे साहित्यात आले लक्ष्मीबाई टिळकांमुळे. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावली. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना (ती १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झाली) ध्यानात येते, की या बाईंच्या लेखनात देवचार कोठेच नाही. कोणालाही मोह घालणारा म्हणून ठरवण्याची त्यांना गरज वाटत नाही. ज्यांनी त्यांना टिळकांपासून दूर ठेवू पाहिले तेही मायेचीच माणसे होती, आणि ज्यांच्याकडे त्या परत गेल्या ते टिळकही काही कमी त्रासदायक नव्हते! सोवळे सांभाळीत त्या नवऱ्याच्या घरी राहू लागल्या. आणि एक एक धागा सुटत गेला तो वादाने नव्हे. आपल्या पूर्वीच्या हट्टाला त्या हसतात, पण त्याचा तिरस्कार करीत नाहीत. स्टीफन्सच्या ब्राह्मणाला जे बोलू दिले गेले नाही, ते तीनशे वर्षांनी एका बाईने शाळेचे तोंड न पाहता बोलून दाखवले.

टिळकांच्या अंगी मोहाचा प्रतिकार होता, पण तो झटक्याचा होता. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभा केला. परदेशी मिशनचा पगार हाच हिंदी ख्रिस्ती माणसाचा मोठा मोह आहे, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ च्या मे महिन्यात ते गेले, आणि त्यांचे ‘ख्रिस्तायन’ दहाअकरा अध्यायांवर थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या आणि १९३८ साली ग्रंथ छापून बाहेर आला. काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र समान उंचीचे नाही. पुष्कळ ठिकाणी ते शुभवर्तमानाचे सरळ पद्यरूपांतर होते. तरीपण ज्या माणसाने एकदा आपल्याला न विचारता घर सोडले, त्याचे अर्धे राहिलेले काम ओवीमागून ओवी पुढे नेत बसलेली ती स्त्री डोळ्यांपुढे आली, की निष्ठेविषयी पुराणात शोधीत होतो ते आपल्याला पुराणाच्या बाहेर सापडले असे वाटते.

शेवटी ‘ख्रिस्तपुराणा’च्या वाचकांविषयी. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले, की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. ज्या सत्तेच्या छायेत पुराण छापले गेले होते, तिलाच आता त्याची भाषा नकोशी झाली. गोव्यात ग्रंथ मागे पडला. परंतु गोवा सोडून दक्षिणेस कानडी मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो बरोबर नेला होता. हे लोक घरात कोंकणी बोलत, बाहेर कानडी व तुळू ऐकत, आणि हाताने रोमन लिपीत उतरलेले हे मराठी पुराण जपत. १७८४ साली टिपूने त्यांना धरून श्रीरंगपट्टणास नेले. जे जगले त्यांची सुटका १७९९ साली टिपू पडल्यावर झाली. पंधरा वर्षांच्या त्या बंदिवासात श्रद्धा सोडण्याचा मोह, आणि मोहाहून अधिक सक्ती, त्यांच्यापुढे उभी होती. या वेळी सत्ता दुसरी होती, एवढेच. परत आलेल्यांनी मंगळूरची आपली घरे आणि देवळे पुन्हा उभी केली. त्या भागातील घरांतून राहिलेल्या हस्तलिखित प्रती मिळवून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापले, आणि बंडेलूंची देवनागरी प्रत त्यावरूनच सिद्ध झाली. आज आपण मराठी दिनाला ज्या ओव्या म्हणतो, त्या आपल्यापर्यंत आल्या त्या या माणसांच्या हातून. आणि त्यांनी त्या जपल्या त्या मराठीच्या स्तुतीसाठी खचित नव्हे.

यंदा आमच्या नववीच्या वर्गाला मी त्या नेहमीच्या ओव्या दिल्या नाहीत. आरंभीचा, ब्राह्मणाच्या प्रश्नाचा भाग वाचून दाखवला. भाषा जुनी, मुले अडखळली; ‘देवचार’ शब्द पुढे येतो असे सांगितले तेव्हा वर्गात एकदम कुजबूज झाली, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, मग त्यांच्या गावाची राखण कोण करत होता?”